रस्ता लागण्याआधीचा तास

आपल्या समाजाला रुग्णवाहिकेचं प्रेम आहे. विदर्भातल्या अनेक तालुक्यांच्या गावांत एखाद्या जमातीने, मशिदीच्या कमिटीने किंवा तरुणांच्या मंडळाने घेतलेली पांढरी गाडी उभी दिसते. ईद-ए-मिलादला रक्तदान शिबिरं होतात. कोविडच्या दिवसांत ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी आपली मुलं रात्र-रात्र धावली, ज्यांना खांदा द्यायला कुणी नव्हतं त्यांना खांदाही दिला. या कामाचा अभिमान बाळगावा असंच ते आहे. पण या सगळ्या सेवेत एक अट लपलेली आहे: रुग्ण आधी रस्त्यापर्यंत आलेला असला पाहिजे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात माणूस अनेकदा रस्ता लागण्याआधीच्या त्या तासात दगावतो. तो तास आपण आपल्या कामात कुठेच धरलेला नाही. तो धरावा, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे.

मोहर्लीचं उदाहरण घेऊ. चंद्रपूरहून तीसेक किलोमीटरवर, इरई धरणाच्या जलाशयाच्या काठी हे गाव आहे. बाहेरच्या माणसाला मोहर्ली म्हणजे ताडोब्याचं गेट. ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, अंधारी 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि दोन्ही मिळून 1995 मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. कोअर सुमारे 625 चौरस किलोमीटर आणि त्याभोवती सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचं बफर. पर्यटक जिप्सीतून जातात, गाईड सोबत असतो, तीन-चार तासांत परत येतात. पण जंगलाशी रोजचा संबंध असलेली माणसं वेगळी आहेत. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बाया, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारी कुटुंबं, सरपणाला जाणारी म्हातारी, गुराखी, जलाशयातले मासेमार, पायी गस्त घालणारे वनरक्षक आणि त्यांच्यासोबतचे वनमजूर. ही माणसं पायी असतात, एकेकटी किंवा दोघं-तिघं असतात, आणि फोनला रेंज असेलच याचा भरवसा नसतो. कोअरच्या सफारीत तर पर्यटकांना मोबाइल नेण्यालाच बंदी आहे.

राज्यात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण 108 ला फोन लागला, गाडी निघाली, गावापर्यंत आली, असं सगळं सुरळीत झालं तरी नाल्यापलीकडे तेंदूच्या झुडपांत पडलेल्या माणसापर्यंत ती जाऊ शकत नाही. तिथे जो आधी पोहोचतो, तोच त्या तासाचा डॉक्टर. मग ती पत्ता तोडणारी शेजारीण असो, जिप्सीचा ड्रायव्हर असो की चौकीवरचा वनमजूर. त्याला काय करायचं हे ठाऊक आहे का, आणि ते करण्याइतकी ताकद त्याच्यात आहे का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

जंगल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे वाघ येतो. तो येणं स्वाभाविक आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्याच्या कोअरमध्ये व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी चालणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीने बळी घेतला. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात मेंढामाल परिसरात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. अशा हल्ल्यात घाव बहुधा मानेवर असतो आणि तिथे प्रथमोपचार जाणणाराही हतबल होतो, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. जंगलातल्या प्रत्येक मृत्यूवर उपाय आहे असं सांगणारा माणूस फसवतो. पण वाघाच्या सावलीत जे इतर मृत्यू झाकले जातात, त्यांतले पुष्कळ टाळता येण्यासारखे आहेत.

सर्पदंशच घ्या. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, असा संशोधकांचा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं, आणि केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर चालणारं एकच प्रतिविष आपल्याकडे बनतं. म्हणजे औषध आहे. भद्रावतीचं ग्रामीण रुग्णालय आहे, चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रश्न तिथे जिवंत पोहोचण्याचा आहे.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. घरच्यांना वाटतं, अपचन झालं. ज्याला ही लक्षणं माहीत आहेत तो त्याच क्षणी गाडी काढायला लावतो. श्वास थांबला तरी काळीज काही वेळ चालू असतं. त्या वेळात कुणी तोंडाने किंवा पिशवी-मुखवट्याने श्वास देत राहिलं, तर दवाखान्यातल्या यंत्रापर्यंत माणूस पोहोचू शकतो. यासाठी डॉक्टरकीची पदवी लागत नाही, सराव लागतो.

काय करू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. दंशाच्या जागी चिरा देऊ नये, रक्त चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढून टाकावीत, कारण सूज आली की ती रुततात. हात किंवा पाय फळी बांधून हलणार नाही असा करावा, माणसाला चालवू नये, उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवावं. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये.

अस्वलाचा हल्ला मोहफुलांच्या दिवसांत होतो, कारण मोह त्यालाही आवडतो. जखमा बहुधा चेहऱ्यावर आणि डोक्यावर असतात. दृश्य इतकं भयंकर असतं की बघणारा मागे सरतो, पण असा माणूस वाचू शकतो. स्वच्छ कापड घेऊन जखमेवर सलग दहा मिनिटं दाब द्यायचा, मधे उचलून बघायचं नाही. तोंडात रक्त साचू नये म्हणून कुशीवर वळवायचं. हात-पायातून रक्ताचा फवाराच उडत असेल आणि दाबाने थांबत नसेल, तर टूर्निके बांधून बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. सर्पदंशात बांधायचं नाही आणि फवाऱ्यात बांधायचं, हा फरक शिकवल्याशिवाय कळत नाही. कुत्रा, कोल्हा, माकड चावलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायची. उष्माघात झाला तर आधी सावली, भरपूर पाणी ओतून आणि वारा घालून अंग थंड करायचं, आणि मग न्यायचं. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. तापलेल्या माणसाला तसंच गाडीत कोंबून पळवलं, तर वाटेतला वेळ त्याच्या जिवावर बेततो.

या सगळ्याच्या आधीचं एक कौशल्य आहे: स्वतः दुसरा जखमी न होणं. अस्वल अजून झुडपात आहे का, वाघ शिकारीवर परत येईल का, विजेची तार तर पडलेली नाही ना, हे बघितल्याशिवाय धावत सुटणारा माणूस मदत करत नाही, ओझं वाढवतो.

आता तंदुरुस्तीबद्दल. काळीज बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायची असते. दोन मिनिटांतच धडधाकट माणसाचेही दाब उथळ होऊ लागतात. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायला सांगतात. बेशुद्ध माणसाला स्ट्रेचरवरून उंचसखल जंगलातून आणायला सहा जण लागतात, आणि वाट लांब असेल तर बदलीला आणखी सहा. अमेरिकेत वणवे विझवणाऱ्या पथकाची एक चाचणी आहे: पाठीवर सुमारे 20 किलो वजन घेऊन 4.8 किलोमीटर अंतर 45 मिनिटांत चालायचं, धावायचं नाही. जंगलात लागणारी ताकद अशी असते, दीर्घ आणि संथ.

आमच्या शहरी जिममधल्या दंडांचा इथे फारसा उपयोग नाही. माझ्यासारखा दिवसाचे दहा तास खुर्चीवर बसणारा इंजिनियर ही चाचणी आज दिली तर पास होईल, असा दावा मी करणार नाही. पण सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन जंगलातून गावापर्यंत येणारी मोहर्लीची बाई यातलं निम्मं काम रोज करते. भामरागडसारख्या भागात आजारी माणसाला खाटेवर घालून, खाट खांद्यावर घेऊन कोसभर चालणारी माणसं आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा खांद्याशिवाय दुसरं वाहन उरत नाही. म्हणजे तंदुरुस्ती जंगलातल्या माणसाकडे आधीच आहे. प्रशिक्षण मात्र शहरात अडकून पडलं आहे. शहरातल्या स्वयंसेवकांची टोळी संकटाच्या वेळी जंगलात धाडण्याची स्वप्नं आपण बघू नयेत. ती टोळी पोहोचेपर्यंत तास उलटून गेलेला असेल. शिक्षण तिकडे न्यावं, जिथे पाय आणि खांदे तयार आहेत.

साध्या गावकऱ्याला हे जमेल का, असं विचारणाऱ्यांनी गडचिरोलीकडेच बघावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. पुढे त्यांनी 39 गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. नवजात बाळाचं वजन करणं, ताप मोजणं, श्वास मोजणं, जन्मताच न रडलेल्या बाळाला पिशवी-मुखवट्याने श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं हे सगळं त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात मृत्यू, तुलनेच्या 47 गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि 2011 मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. त्याआधी 1973 पासून हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज-रस्ता नसलेल्या जंगलात दवाखाना चालवून दाखवला होता. कोकणात महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर रक्तदाबाची एक स्वस्त गोळी लागू पडते हे दाखवलं, आणि ज्या दंशाने शंभरातले तीस-चाळीस जण मरत तिथे मृत्यू अगदी मोजके उरले. त्यांचं हे काम 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. या तिन्ही कामांतून मला एक गोष्ट दिसते. मोठं यंत्र नव्हतं, पण काय करायचं ते नेमकं ठरलेलं होतं आणि ते पुन्हा-पुन्हा गिरवलेलं होतं.

हे ‘पुन्हा-पुन्हा’ फार महत्त्वाचं आहे. आमच्या धंद्यात ‘ऑन-कॉल’ नावाचा प्रकार असतो. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की ज्याची पाळी असेल त्याने उठायचं. त्या वेळी हुशारी कामाला येत नाही, डोकं अर्धं झोपेत असतं. कामाला येते ती लिहून ठेवलेली पायऱ्यांची यादी आणि तिचा आधी केलेला सराव. एका रविवारी शिबिर, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो आणि मग वर्षभर काहीच नाही, अशा शिबिरातून शिकलेलं काही महिन्यांत हातातून निघून जातं. आपण शिबिरं भरवण्यात पटाईत आहोत. तालीम टिकवण्यात आपण कच्चे आहोत.

काही जण म्हणतील, हे सरकारचं काम आहे. आहेच. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस मेला तर राज्य सरकार वारसांना 25 लाख रुपये देतं. ते दिलेच पाहिजेत. पण मृत्यूनंतर देण्याइतकाच विचार मृत्यूच्या आधीच्या तासाचा व्हावा, ही मागणी आपण नागरिक म्हणून केली पाहिजे. आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे का, रात्री ते देणारा माणूस हजर आहे का, हे विचारणं आपला हक्क आहे. मागणी करणं आणि स्वतः शिकणं यात विरोध नाही. जो शिकलेला असतो त्यालाच नेमकं काय मागायचं ते कळतं.

दुसरा आक्षेप असा की यातून बोगस डॉक्टर तयार होतील. ही भीती खरी आहे. म्हणून सीमा आखलेली हवी. आपण तयार करू ती माणसं सुई टोचणार नाहीत, गोळ्या वाटणार नाहीत. श्वास, रक्तस्राव, हाड, दंश, उष्मा, वाहून नेणं आणि फोनवर नेमकी माहिती देणं, एवढंच. आरोग्यदूत इंजेक्शन देत, पण त्यामागे कडक प्रशिक्षण होतं आणि नियमित तपासणी होती. तेवढी तयारी नसताना त्यांची नक्कल करू नये.

तिसरी भीती उघडपणे कुणी बोलत नाही, पण आपल्या घराघरांत ती आहे. रक्ताने माखलेल्या माणसाजवळ आपला मुलगा वाकलेला दिसला, भोवती गर्दी जमली, कुणी मोबाइल काढला, आणि पहिला प्रश्न ‘तुझं नाव काय’ असा आला तर? रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या 134-अ कलमाचं संरक्षण आहे. जंगलातल्या मदतीला ते कलम लागू होत नाही. पण या भीतीवर घरात बसणं हा उपाय नव्हे. उपाय आहे तो उघडपणे, सगळ्यांसोबत काम करण्याचा. ग्रामपंचायतीचा ठराव, वनविभागाकडे नावांची नोंद, गळ्यात ओळखपत्र, आणि पथकात गोंड, माना, बौद्ध, ढीवर, कुणबी, मुसलमान सगळे. वाघ गावाजवळ आला की गर्दी आवरणारी प्राथमिक प्रतिसाद दलं जंगलालगतच्या काही गावांत आहेतच. नवं मंडळ आणि नवा फलक काढण्यापेक्षा त्या दलांना हे शिक्षण द्यावं. ‘मुस्लिमांनी मुस्लिमांसाठी’ असं हे काम असूच शकत नाही. साप जात विचारत नाही आणि श्वास देणाऱ्यानेही विचारू नये.

आता दीनाचा मुद्दा. सूरह माइदाची 32वी आयत आपल्या प्रत्येक रक्तदान शिबिराच्या फलकावर असते. तिचा आशय आपल्याला पाठ आहे. त्याच्या जोडीला ‘फर्ज-ए-किफाया’ची संकल्पना आठवावी: असं कर्तव्य, जे समाजातल्या पुरेशा लोकांनी केलं तर सर्वांच्या डोक्यावरून उतरतं, आणि कुणीच केलं नाही तर सगळेच जबाबदार ठरतात. जनाजाची नमाज हे त्याचं आपल्या सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. इमाम गझालींनी (मृत्यू 1111) ‘इह्या’मध्ये वैद्यकशास्त्र याच वर्गात घातलं आहे, आणि लोक फिकहच्या वादविवादांकडे धावतात पण वैद्यक शिकायला पुढे येत नाहीत, अशी तक्रारही केली आहे. नऊशे वर्षांनंतर ती तक्रार जुनी झालेली नाही. जनाजाला खांदा द्यायला आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत. जिवंत माणसाला जंगलातून रस्त्यापर्यंत आणण्यासाठी खांदा द्यायला शिकलेली किती आहेत?

हे काम पुरुषांचंच, असंही कुणी समजू नये. खंदकच्या लढाईतल्या जखमींवर मदीनेच्या मशिदीजवळच्या तंबूत उपचार करणाऱ्या रुफैदा अल-अस्लमिया यांचं नाव आपल्या परंपरेत आदराने घेतलं जातं. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या कामात बायकाच जास्त असतात, म्हणून तिथे पहिली पोहोचणारीही बहुतेक वेळा बाईच असेल. पथकात निम्म्या बायका नसतील तर ते पथक कागदावरचं आहे असं समजावं.

मग करायचं काय? मोहर्ली आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांपासून सुरुवात करावी. प्रत्येक गावातून दहा-बारा माणसं: दोन जिप्सीवाले, दोन गाईड, वनमजूर, आशाताई, पत्ता तोडणाऱ्या बाया, एखादा शिक्षक. शिकवायला सरकारी रुग्णालयातले डॉक्टर आणि परिचारिका, ओळखपाळख काढून, सन्मानाने बोलावलेले. पहिलं शिक्षण सलग चार दिवसांचं, तेंदूच्या हंगामाआधी. त्यानंतर दर तीन महिन्यांनी एक दिवस तालीम, आणि ती वर्गात नाही, जंगलाच्या कडेला: खरं वजन, खरी चढण, एकदा रात्री, एकदा उन्हात. दरवेळी माणूस स्ट्रेचरवरून रस्त्यापर्यंत आणायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवायचं. गावात एका ठरलेल्या घरी पेटी: रुंद पट्ट्या, टूर्निके, फळ्या, पिशवी-मुखवटा, साबण, मीठ-साखरेची पाकिटं, बॅटरी, शिटी, घडीचं स्ट्रेचर. आणि भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत फोन नंबर.

याला लागणारा पैसा एका रुग्णवाहिकेच्या किमतीपुढे किरकोळ आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावती, वरोऱ्याच्या आपल्या मंडळांनी पुढची गाडी घेण्याआधी एकदा हा हिशोब मांडावा. सदक्यातून हे होऊ शकतं. कोर्सची पुस्तिका मराठीत आणि गोंडीत करण्याचं काम आमच्यासारखे संगणकासमोर बसणारे करू शकतात, आणि दर तीन महिन्यांच्या तालमीची आठवण ठेवणं, नोंदी ठेवणंही. जंगलात आमचे खांदे कमी पडतील, पण नोंदी ठेवायला आम्ही चालू.

तेंदूचा पुढचा हंगाम मे महिन्यात आहे. त्याआधी एका गावात दहा माणसं तयार झाली तरी पुरे. दहा माणसं तयार झाली की अकरावं माणूस स्वतःहून विचारायला येतं, हा गावाचा स्वभाव आहे. ज्या मंडळाला यात पडायचं आहे त्याने जाहिरात करू नये, शिबिराचा फलकही छापू नये. आधी मोहर्लीच्या सरपंचांकडे जावं, आशाताईंशी बोलावं, आणि त्यांना काय हवं आहे ते विचारून घ्यावं.